पाचशेचा इसार

माणिकरावांनी खांद्यावरचा रुमाल पाहुण्याच्या हातावर टाकलेला होता. काळी-पिवळी जीपमधून उतरून धम्मशीला ओसरीवर आली तेव्हा तिला आधी तो रुमाल दिसला, मग त्याखाली सासऱ्यांच्या मुठीत सापडलेला अनोळखी हात, आणि शेवटी त्या हाताच्या मालकाचा गोंधळलेला चेहरा. माणूस तिशीतला होता. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर हेल्मेट, पुढ्यात झुणका-भाकरीचं अर्धं खाल्लेलं ताट.

"शीला, वेळेवर आली," माणिकराव रुमाल ओढून घेत म्हणाले. "झाला सौदा. अडतीस हजार. एक लाख चारवरून अडतीसवर आणला म्या."

धम्मशीलानं पर्स खांद्यावरून उतरवली नाही. भिंतीला टेकून तिचा नवरा देवानंद बसला होता. अंगावर अजून कंडक्टरचा खाकी गणवेश, नजर फरशीवर. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, त्यावरूनच तिला कळलं की वडिलांना कार्डाच्या थकबाकीचं सांगितलं ते यानंच.

"बँकेतून आले का तुम्ही?" तिनं पाहुण्याला विचारलं.

"बँकेतून नाही, भाभी. वसुलीच्या एजन्सीतून. फहीम म्हणतात मले. बुलडाण्याहून आलो." त्यानं सुटलेली बोटं चोळली. "चाचांचा हात लई कडक हाय."

माणिकराव चाळीस वर्षं धाडच्या गुरांच्या बाजारात दलाल होते. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून तो ठरतो, आणि भोवती पन्नास माणसं उभी असली तरी दोघांशिवाय कोणाला कळत नाही. त्यामुळे कान गेले तेव्हा माणिकरावांचा धंदा बुडाला नव्हता. तो बुडाला नंतर, गुडघ्यांमुळे. तेव्हापासून रुमाल घाम पुसण्यापुरता उरला होता. आज एका क्रेडिट कार्डानं त्याला परत कामाला लावलं होतं.

"इसार बी देऊन टाकला," माणिकराव म्हणाले. "पाचशे."

फहीमनं शर्टाच्या खिशातून वर आलेली नोट दाखवली. "भाभी, मी नाही म्हणलो होतो. आमाले नगदी घ्यायची परवानगीच नाही. चाचांनी कोंबली."

"कोंबली नाही, देली. इसार देला म्हणजे सौदा बांधला. आता इसार देणाऱ्यानं मोडला तर त्याचा इसार बुडते, आन इसार घेणाऱ्यानं मोडला तर त्यानं दुप्पट वापस करा लागते. तुमच्या बँकेत हे शिकवत नाही काय?"

"नाही, चाचा."

"मंग शिकवते काय?"

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई तानाबाईंनी तव्यावरची भाकर आणून फहीमच्या ताटात टाकली. "जेवू द्या त्याले आधी. सकाळपासून गाडीवर फिरून राह्यला तो. लग्न झालं का रे बाबू?"

"झालं, चाची."

"मंग डबा काऊन नाही आणत?"

धम्मशीला खाली बसली. सासऱ्यांनी दिलेला शब्द किती जड असतो हे तिला लग्नाच्या बोलणीपासून माहीत होतं. तिच्या वडिलांनी तेव्हा एक कपाट जास्तीचं देऊ केलं होतं आणि माणिकरावांनी ते नाकारलं होतं, कारण सुपारी फुटली तेव्हा कपाट ठरलं नव्हतं. त्यांनी बाजारात कधी बांधलेला सौदा मोडला नव्हता. आणि आज त्यांनी जो सौदा बांधला होता तो पुरा झाला, तर तिची लॅब होणार नव्हती.

कार्डाची गोष्ट साधी होती. बसस्थानकावर टेबल मांडून बसलेल्या एका मुलीनं देवानंदकडून सह्या घेतल्या आणि चाकांची एक बॅग फुकट दिली. बॅगेत तानाबाईंनी कुरडया भरल्या, आणि कार्ड देवानंदच्या पाकिटात पडून राहिलं. मग माणिकरावांचे कान गेले. संभाजीनगरच्या डॉक्टरनं दोन्ही कानांना मशीन लावली, बावन्न हजारांची, आणि देवानंदनं कार्ड पुढं केलं. घरी मात्र सांगितलं की आरोग्य शिबिरात फुकट मिळाली. खरा आकडा ऐकला असता तर माणिकरावांनी मशीनच काय, डॉक्टरसुद्धा परत केला असता. पुढं एसटीचा संप झाला, पगार थांबला, हप्ते थांबले, आणि व्याज तेवढं थांबलं नाही. मशीन कोणाच्या पैशांचं हे घरात तिघांना माहीत होतं. ज्याच्या कानात होतं त्याला नव्हतं.

धम्मशीला बुलडाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची. धाडच्या आरोग्य केंद्रासमोर एक गाळा तिनं हेरून ठेवला होता. गावातल्या माणसाला साधी शुगर बघायला जीपमध्ये बसून शहरात जावं लागू नये, एवढीच तिची कल्पना होती, आणि त्यासाठी लागणारी यंत्रं कोणत्या कंपनीची, कोणत्या भिंतीला कोणतं, हे सगळं तिचं ठरलेलं होतं. कर्जाच्या अर्जावर नवऱ्याची सही लागली. मग मॅनेजरसाहेबांनी संगणकात पाहिलं आणि अर्ज तिच्याकडे सरकवला. मागच्याच आठवड्यातली गोष्ट. ते म्हणाले, हे कार्ड पूर्ण भरून बंद करा, तीन महिन्यांनी परत या, मी स्वतः वर पाठवतो. पण कमी पैशांत तडजोड करू नका. तडजोड केली की तसं नोंदलं जातं, वर्षानुवर्षं पुसत नाही, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही.

तिनं पैसे जमवलेले होते. गाळ्यासाठी होते, पण होते.

"मामाजी," ती म्हणाली, "अडतीस नाही द्यायचे आपल्याले. एक लाख चार द्यायचे."

माणिकरावांनी डाव्या कानातलं मशीन काढलं, त्यावर फुंकर मारली, परत घातलं. "आता बोल."

"एक लाख चार हजार. पूर्ण."

"मशीन तं बरोबर चालू राह्यलं," माणिकराव तानाबाईंना म्हणाले. "सूनच बिघडली."

फहीमचा घास हातातच राहिला. वसुलीच्या कामात त्याला लोकांनी शिव्या दिल्या होत्या, कुत्रं सोडलं होतं, एकदा तर एकानं स्वतः मेल्याचं फोनवर स्वतःच सांगितलं होतं. पूर्ण भरतो असं कोणी म्हणालं नव्हतं. त्यानं थोडा विचार केला आणि त्याला यात डाव दिसला.

"भाभी, तुमचं काय म्हणणं ते समजलं मले. साहेबाले विचारतो." तो फोन घेऊन अंगणात गेला, हळू आवाजात बोलला आणि परत आला. "पस्तीस. महिन्याचा शेवटचा दिवस हाय म्हणून. आज सहा वाजेच्या आत भरले तं."

माणिकरावांनी सुनेकडं पाहिलं. त्या नजरेत आदर होता.

"मी कमी करा म्हटलं नाही," धम्मशीला म्हणाली. "मले पूर्णच भरायचे आहेत. व्याजासकट."

फहीम परत अंगणात गेला. या वेळी जास्त वेळ लागला. "तेहतीस," तो आत येऊन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "याच्या खाली साहेबाच्या हातात नाही, भाभी. अल्ला कसम."

"चाळीस वर्षं," माणिकराव देवानंदला म्हणाले, "चाळीस वर्षं म्या बाजारात काढली. पण गिऱ्हाईक जास्त देतो म्हणते आन विकणारा खाली येते, हे म्या पाह्यलं नव्हतं. कोणी शिकवलं बे हिले?"

"आबा, ती खरंच म्हणून राह्यली."

"तेच तं. खरं वाटते ऐकणाऱ्याले."

"मामाजी, ही युक्ती नाही."

"तू बोलू नको मधात, भाव बिघडंल. अजून एकदा पूर्ण भरतो म्हण. तीसवर येते तो."

फहीम हे सगळं ऐकत होता, कारण माणिकराव कुजबुजत आहेत अशी त्यांची समजूत असली तरी कान गेल्यापासून त्यांची कुजबुज शेजारच्या आळीपर्यंत जायची. त्यानं तानाबाईंकडं पाणी मागितलं.

देवानंदला काही सुचेनासं झालं की तो पुण्याला धाकट्या भावाला फोन लावायचा. आताही त्यानं तेच केलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. माणिकरावांच्या मशीनमधून शिट्टी वाजली आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

"दादा, मी मीटिंगमध्ये आहे," धम्मरत्न म्हणाला. पुण्यात गेल्यापासून त्याच्या बोलण्यातला 'मले' गेला होता आणि त्याची जागा मीटिंगनं घेतली होती. तरी त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तेहतीस म्हणतायत? मग घ्या ना. सगळे तेच करतात. आमच्या ऑफिसात दोघांनी केलं."

"भाऊजी, त्या दोघांनी नंतर घराचं कर्ज मागितलं का?" धम्मशीलानं विचारलं.

"एक भाड्यानंच राहतो," धम्मरत्न म्हणाला. "दुसऱ्याला विचारून सांगतो. पण दादा, मला एक कळत नाही. कार्डावर तू घेतलं काय होतंस एवढं?"

देवानंदनं फोन बंद केला. पण प्रश्न ओसरीवर राहिला, आणि माणिकरावांनी तो उचलला.

"हाव. घेतलं काय होतं? म्या इतका वेळ इचारलं नाही, म्हणलं पाहुणा बसेल हाय. दारू तू पेत नाही. पत्ते खेळत नाही. मंग लाख रुपये गेले कुठं?"

फहीमला उत्तर माहीत होतं, कारण त्याच्या मोबाईलमध्ये खरेदीच्या दुकानाचं नाव होतं. तो ताटातल्या कांद्याकडं पाहत राहिला.

"तुमच्या कानात हाय," तानाबाई म्हणाल्या.

"काय हाय?"

"लाख रुपये. दोन्ही कानात मिळून."

माणिकरावांनी हात कानापर्यंत नेला आणि तिथंच ठेवला. "हे तं शिबिरातलं हाय."

"शिबिरात चष्मे भेटते, मोतीबिंदू काढते," तानाबाई म्हणाल्या. "हे असं नखाएवढं मशीन कोणत्या शिबिरात भेटते? मी तेव्हाच म्हणलं होतं पोराले, बापाले सांग. तो म्हणे, आबा घालणार नाहीत मंग."

"कितीचं?"

"बावन्न हजार," देवानंद म्हणाला.

"सांगतले किती होते?"

"बावन्न हजार."

माणिकराव मुलाकडं वळले. "म्हणजे त्यानं सांगतले तेवढेच देले तू?"

"दवाखाना होता, आबा. तिथं भाव नसते करत."

"माझा पोरगा," माणिकराव फहीमला म्हणाले, जणू ओसरीवर आता तोच एक जवळचा माणूस उरला होता. "माणिकराव दलालाचा पोरगा. समोरच्यानं बावन्न म्हणलं, यानं बावन्न काढून देले." त्यांनी दोन्ही मशीन कानातून काढली, रुमालात बांधली आणि गाठोडं मुलासमोर सरकवलं. "वापस कर. म्या नाही घालत."

घरातला कोणताही वाद हरायला आला की माणिकराव मशीन काढायचे. ही सवय सगळ्यांच्या ओळखीची होती. पण आज त्यांनी गाठीवर आणखी एक गाठ मारली, ते धम्मशीलाला दिसलं.

वडिलांसमोर तोंड उघडायला देवानंद पस्तिशीतही चाचरायचा. आता त्यांना ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला कंठ फुटला.

"रेणुकाचं पोरगं सुट्टीत मामाकडं आलं होतं तेव्हा," तो गाठोड्याकडं पाहत म्हणाला, "तुम्ही त्याले हाका मारायचे. ते अंगणातून 'आलो' म्हणायचं, तुम्हाले ऐकू यायचं नाही. मंग तुम्ही त्याच्यावर खेकसायचे. एक दिवस ते रेणुकाले म्हणे, आबाले मी आवडत नाही. मले दुसरं काही सुचलं नाही मंग. दुकानदाराशी भाव करत बसायचं ध्यानातच नाही आलं. तुम्ही असते तं केला असता. पण तुम्हाले नेलं असतं तं तुम्ही आलेच नसते."

एवढं लांब तो बसमध्येसुद्धा बोलत नसे. बोलून झाल्यावर तो उठायला लागला.

"बस," माणिकराव म्हणाले. "मले ओठ वाचता येते. बाजारात शिकलो म्या ते."

देवानंद होता तसा बसला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

माणिकरावांनी गाठोडं स्वतःकडं ओढलं. गाठ सोडायला या वेळी जास्त वेळ लागला. एक मशीन घातलं, दुसरं घातलं, आणि सुनेकडं वळून म्हणाले, "आता तू सांग. पूर्ण काऊन भराचे?"

धम्मशीलानं लॅबमध्ये डॉक्टरांना रिपोर्ट सांगावा तसं एकामागून एक सांगितलं. बँका एकमेकींना विचारतात. कोणी कर्ज मागितलं की त्याचा मागचा सगळा इतिहास दिसतो. पूर्ण भरून कार्ड बंद केलं तर तसं दिसतं. कमी देऊन मिटवलं तर तेही दिसतं, आणि पुढं बरीच वर्षं दिसत राहतं. पहिल्या प्रकारच्या माणसाला मॅनेजर परत दारात उभं करतो. दुसऱ्या प्रकारच्याला करत नाही.

"म्हणजे खोडीचा बैल," माणिकराव म्हणाले.

"कसा?"

"बैल मारका निघाला, आन तो एकदा बाजारात समजला, का मंग तो किती बी गरीब होऊ दे. दहा वर्षं वखराले चालू दे. इकाले आणला का कोणी ना कोणी म्हणतेच, हा तोच ना, ज्यानं अमक्याले मारलं होतं." ते थांबले. "म्या माझ्या पोराले खोड लावून राह्यलो होतो. पाचशे रुपये इसार देऊन."

"तुम्हाले माहीत नव्हतं, मामाजी."

"दलालाले माहीत पायजे." त्यांनी गुडघे चोळले. "पण आता अवघड झालं. सौदा बांधला."

"मोडा की मंग," तानाबाई म्हणाल्या.

"म्या मोडू? इसार देलेला?"

"पाचशे रुपयेच जातील ना?"

"पाचशेचं काय घेऊन बसली? शब्द जाते."

धम्मशीलाला माहीत होतं की कागदोपत्री हा सौदा कुठंच नव्हता. सहा वाजेपर्यंत पैसे भरले नाहीत की बँकेची सवलत आपोआप संपणार होती. पण तिनं ते सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. बँकेचा सौदा सहा वाजता मेला असता तरी माणिकरावांचा जिवंतच राहिला असता. आणि सासऱ्यांचा पहिला मोडलेला शब्द म्हणून आपली लॅब गावात ओळखली जावी, हे तिलाही नको होतं.

"फहीमभाई," ती म्हणाली, "तुम्ही मोडता का?"

"मी?"

"तुम्ही म्हणायचं, मले हा सौदा मंजूर नाही. मंग मामाजीचा शब्द राहते, आन आम्ही पूर्ण भरतो."

फहीमनं घाईघाईनं खिशातली नोट काढली. "हे घ्या, चाचा. मले मंजूर नाही."

माणिकरावांनी नोटेकडं पाहिलंही नाही. "दुप्पट," ते म्हणाले.

"काय?"

"मोडणाऱ्यानं दुप्पट वापस कराचं. म्या आधीच सांगतलं होतं."

"चाचा, मी नोकर माणूस हाय. माझे पाचशे काऊन?"

"मंग नको मोडू. अडतीसवर कायम राहू."

"तेहतीस," देवानंद हळूच म्हणाला.

"तेहतीस याच्या साहेबाचा शब्द हाय. माझा अडतीसचा. ज्याच्या हाताले रुमाल लागला तोच भाव."

तानाबाईंनी कपाळाला हात लावला. फहीमचे ओठ मात्र हलत होते. माणिकराव त्याच्याकडं रोखून पाहत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "वसुलीवर टक्क्यानं भेटते का तुले?"

फहीमनं मान वर केली.

"ओठ वाचता येते मले," माणिकराव म्हणाले. "अडतीसवर किती आन एक लाख चारवर किती, याची बेरीज करून राह्यला तू. पाचशे जाऊन बी लई उरते ना?"

फहीम हसायला लागला. ओसरीवर आल्यापासून पहिल्यांदाच. त्यानं पाकिटातून आपली एक पाचशेची नोट काढली, इसाराच्या नोटेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. "मी मोडला सौदा, चाचा. सगळ्यांच्या समोर मोडला."

माणिकरावांनी दोन्ही नोटा घेतल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "व्यवहारात पाचशे सुटले," ते म्हणाले.

अडतीस हजारांऐवजी एक लाख चार हजार भरायचे आणि वर पाचशे रुपये फायद्यात राहायचं, हा हिशेब धम्मशीलाला कोणत्याही पद्धतीनं जमला नसता. तिनं प्रयत्न केला नाही. मोबाईल काढला आणि कार्डाचा नंबर टाकला. एका दिवसात लाखावर रक्कम तिच्या फोनवरून जात नव्हती, म्हणून चार हजार देवानंदच्या फोनवरून भरायचे ठरले. बटण दाबण्याआधी ती थांबली. हे पैसे म्हणजे तिची चार वर्षं होती. रोजची जीप, लॅबमधला उभ्याउभ्या खाल्लेला डबा, दिवाळीला न घेतलेल्या साड्या. भरल्यावर गाळ्यासाठी काहीच उरणार नव्हतं, आणि तीन महिन्यांनी मॅनेजरसाहेबांपुढं रिकाम्या हातानं बसून काय बोलायचं हे तिला माहीत नव्हतं.

तिनं बटण दाबलं.

फहीमनं आपल्या फोनवर पाहिलं, परत पाहिलं, आणि साहेबांना फोन करून ती बातमी सांगितली. साहेबांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्यानं धम्मशीलाला लिहून दिलं की कार्ड बंद झाल्याचं पत्र बँकेकडून कोणत्या नावानं येईल आणि नाही आलं तर कोणाला पकडायचं. निघताना तानाबाईंनी त्याच्या हेल्मेटमध्ये कुरडयांची पिशवी ठेवली. "बायकोले दे. आन डबा आणत जा."

गाडीचा आवाज वळणावर संपला. देवानंद पायरीवर बसून बूट काढत होता. एकच बूट तो बराच वेळ काढत होता.

"आता गाळ्याचं कसं करशीन?" माणिकरावांनी विचारलं.

"जमवीन परत, मामाजी. थोडं थांबावं लागेल."

"मी डबल ड्युटी घेतो," देवानंद बुटाला म्हणाला.

"पोस्टातले आहेत ना," तानाबाई दारातून म्हणाल्या.

माणिकराव वळले. पोस्टातल्या पैशांना घरात कोणी हात लावत नसे. म्हातारा-म्हातारीनं ते आपल्या मागं होणाऱ्या कार्यासाठी ठेवले होते. जलदान विधी, पुण्यानुमोदन, गावाला जेवण. पोरांवर बोजा नको म्हणून. भंते कोणते बोलवायचे आणि भाजीत वांगी घालायची नाहीत, इथपर्यंत दोघांचं ठरलेलं होतं.

"ते मयताचे आहेत," माणिकराव म्हणाले.

"माहीत हाय मले कशाचे हायेत. मयताले वेळ हाय अजून. तवर पडून काय करते ते?"

"आत्याबाई, नको," धम्मशीला म्हणाली. "ते नाही घेणार मी."

"तुले कोण इचारून राह्यलं? अर्धे माझे हायेत. माझे मी देते. ह्यांचं ह्यायले समजलं तं देतील."

माणिकरावांनी बंडीच्या खिशावर हात ठेवला. मग बायकोकडं, मग सुनेकडं पाहिलं. "अर्ध्यात काय गाळा येते? अर्ध्यात शटर येईन." ते खाकरले. "सगळेच घे. पण मंग तानाबाई, एक ध्यानात ठेव. हिचे हप्ते फिटेस्तोवर आपल्याले मरता येत नाही. कार्याले पैसेच नाही."

"मले घाई नाही," तानाबाई म्हणाल्या. "तुमीच भाकरीवर तेल ओतून घेता. डॉक्टरनं शुगर तपासा म्हणलं त्याले किती दिवस झाले?"

धम्मशीला फहीमचं ताट उचलायला वाकली.

"शुगर तपासाचे किती घेशीन तू, तुझ्या लॅबात?" माणिकरावांनी विचारलं.

"पन्नास ठेवीन म्हणते. पण तुमच्याकडून कसले घ्यायचे, मामाजी?"

"फुकट नको. फुकट म्हणलं का मले आता शिबिर आठवते." ते सावरून बसले. "चाळीस."

"मी म्हटलं ना, तुम्हाले..."

"चाळीस."

"पंचेचाळीस," धम्मशीला म्हणाली, आणि ताट हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली. हे तिच्या तोंडातून कसं निघालं ते तिला कळलं नाही. आकडा मात्र बरोबर होता. त्याच्या खाली रसायनांचा खर्चसुद्धा निघाला नसता.

पायरीवर देवानंद हसला. माणिकराव सुनेकडं पाहत राहिले, आणि पंचेचाळीस मान्य करावेत की बेचाळीस म्हणावेत याचा ते मनापासून विचार करत होते, तेवढ्यात तानाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दोघाचे मिळून ऐंशी. आन उपाशीपोटी यायचं असंल तं नंतरचा चहा तुह्याकडं."